कटिंगच्या माथ्यावरची पाच मिनिटं

अलीकडच्या एका पावसाळ्यातलं हे प्रकरण. माणसं, स्टेशन आणि नेमकी तारीख मुद्दाम झाकली आहे, कारण यातल्या एका माणसाची नोकरी अजून चालू आहे. बाकी झालं तसं लिहिलंय.

पार्श्वभूमी

आमचा गट चौघांचा, मिरज-सांगलीतला. एकमेकांना इंजिनांची नावं पाडलीत, तीच इथं वापरतो. आल्को काका एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. जुन्या डिझेलसारखे सुरू व्हायला वेळ घेतात, सुरू झाले की धूर काढतात. वॅप, म्हणजे विजेवरचं इंजिन, हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, त्याला थांबा माहीत नाही. शंटर मिरजेत सतारी बनवणाऱ्या घरातला, ढकलाल तिकडं जाणारा. म्हणजे आम्हाला तेव्हा तसं वाटायचं. आणि मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. ग्रुपचा ॲडमिन असल्यामुळं गाडी ठरवणं, डबे सांगणं आणि भांडणं मिटवणं माझ्याकडं.

मिरजेच्या माणसाला रेल्वेचं वेड लागलं तर नवल नाही. काकांच्या पोरवयात या एका स्टेशनात तीन रुंदीचे रूळ होते: पुणे-कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज, पंढरपूरकडं नॅरोगेज. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी, दहा टँकर आणि पाच लाख लिटर, काकांनी जाऊन पाहिली. गाडीची वेळ वहीत टिपायची त्या दिवशी राहून गेली, असं ते अजून सांगतात. बाकी त्यांची वही कधी चुकत नाही.

पण पावसाळा लागला की मन कोकणच्या लाइनवर. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेला 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली, तरी त्या वाटेनं अजून जाते ती चार चाकांचीच गाडी. तसा आमचा त्या लाइनशी संबंध येतो तो ती बंद पडल्यावर. ऑगस्ट 2020 मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली तेव्हा तिकडच्या गाड्या मडगाव, लोंढा, मिरज, पुणे अशा वळवल्या. जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठी चढली, तेव्हाही तेच. त्यातली मंगळूरहून मुंबईला निघालेली एक गाडी 23 जुलैला दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरडीनं रुळांवरून घसरली. तिकडचा पूर चुकवायला इकडं वळवलेली गाडी इकडच्या दरडीत सापडली! आमच्या गटात ही गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगतात.

लाइन बंद पडली

जुलैचे दिवस. गुरुवारी संध्याकाळी कळलं की सिंधुदुर्गातल्या एका कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून काढलेल्या खाचेत, माती रुळांवर आली आहे आणि वाहतूक थांबली आहे. जीवितहानी नाही, गाडी मातीत अडकलेली नाही. ग्रुपवर पहिला मेसेज वॅपचा: "उद्या निघायचं. काम चालू असताना बघायला मिळणार, असं परत होत नाही."

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. दरड कोसळली आणि ही माणसं खूश? खूश नव्हतो, पण उत्सुक होतो, हे कबूल करतो. रुळांवर गाडी धावते हे रोज दिसतं. रूळ कशावर उभे आहेत हे असं काही झालं की दिसतं.

पर्याय

पहिला पर्याय काकांचा. मिरजेतच थांबायचं, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि वळवलेल्या गाड्या बघायच्या. "समुद्र आपणहून दारात येतोय, तुम्ही कशाला घाट उतरताय?" दुसरा, कोकणात जायचं पण कामाच्या जागेजवळच्या स्टेशनात प्लॅटफॉर्मवरून बघायचं. तिसरा, थेट जागेवर. हा उघडपणे कुणी मांडला नाही. चौथा, घरी बसायचं. तो शंटरच्या आईनं मांडला.

रस्त्याचाही प्रश्न होता. सांगलीत जुलैमध्ये कुठंही निघायचं तर आधी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट ते बघतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. त्या दिवशी पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली होतं, पण धरणक्षेत्रात पाऊस लागला होता आणि कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पंचगंगेच्या खोऱ्यातलं पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो.

शेवटी दुसरा पर्याय ठरला. स्टेशन सोडायचं नाही, रुळांवर पाय ठेवायचा नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 खाली परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मीच ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांनी अंगठे दिले. एक मात्र ठरलं नाही. ठरल्याबाहेर जायची वेळ आली तर "नाही" कुणी म्हणायचं?

काय केलं

शुक्रवारी दुपारी पोचलो. प्लॅटफॉर्मवरून काहीच दिसेना. कटिंग दीड-दोन किलोमीटर पुढं, मध्ये वळण. एक ओली मालगाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी, आणि चहावाला म्हणाला, "पोकलेन तिकडे आहे. काजूच्या बागेतून वर जाल तर सगळं दिसतं."

इथं पहिला निर्णय झाला, आणि तो कुणी घेतलाच नाही. बाग खाजगी होती, रेल्वेची हद्द तारेपलीकडं. म्हणजे कलम 147 आम्हाला लागत नव्हतं. कायद्यात बसतंय म्हटल्यावर बाकीचे प्रश्न आपोआप गळून पडले. काका म्हणाले, "ओल्या माथ्यावर जाऊ नये." त्यावर "चला की, पाच मिनिटं" असं म्हणणारा मी. वॅपवर ढकलायचा मोह अजून होतो, पण वाक्य माझं होतं.

वरून जे दिसलं ते मात्र विसरता येत नाही. समोरच्या उताराचा एक लचका तुटून रुळांवर बसलेला. वरचा थर लाल-तपकिरी जांभा, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतं, चिकणमातीवर अडतं, तिचा साबण होतो आणि वरचा सगळा भार त्या साबणावरून सरकतो. पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी उघड्यावर दिसत होतं. पोकलेन माती उचलत होतं, पण पायथ्याची माती एकदम ओढत नव्हतं. पायथा काढला की वरचं आणखी खाली येतं, म्हणून वरून कुरतडत, थोडं थोडं. पलीकडं दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या रचायची तयारी चालली होती. या पेट्यांची खुबी अशी की त्या माती अडवतात आणि पाणी सोडतात. सिमेंटच्या भिंतीमागं पाणी तुंबलं तर भिंतच ढकलली जाते. विजेच्या तारेचा एक खांब किंचित कलला होता आणि तारेचा प्रवाह बंद होता. पाऊस पडत होता. कुणी ओरडत नव्हतं. शिट्टीचा आवाज तेवढा यायचा, आणि शिट्टी झाली की सगळी माणसं एकदम मागं सरकायची.

तेवढ्यात रेनकोटातला एक माणूस आमच्या दिशेनं चढून आला. त्या कटिंगवरचा पावसाळी वॉचमन. त्याचं पहिलं वाक्य होतं: "हयसर उभे रवा नकात. खालची माती गेली हा, वरची कदी येतली तां सांगाक येवचा नाय."

आम्ही वीसेक पावलं मागं, एका काजूखाली आलो. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण काकांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून उभे आहात?" आणि त्या माणसाला बहुधा दिवसभरात असं कुणी विचारलं नव्हतं. तो बोलायला लागला. गाडी अडवायची वेळ आली तर फटाके कसे लावायचे ते त्यानं हातानं दाखवलं. धोक्याच्या जागेपासून सहाशे मीटरवर एक, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. रुळावर बसवलेला फटाका चाकाखाली फुटतो, ड्रायव्हर आवाज ऐकून थांबतो. "दिवो पावसात दिसता, नाय दिसता. फटाको आयकाक येता."

22 जून 2003 ला वैभववाडीजवळ याच लाइनवर रात्री गाडी कटिंगमधल्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून 2004 मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा पुलावरून कोसळली, तेव्हाही कारण दरडच. पावसाळ्यात इथं गाड्या सावकाश धावतात, वेगळं वेळापत्रक लागतं, जोराच्या पावसात पुढचं दिसेना झालं की वेग ताशी 40 वर आणतात. ही सगळी कसरत त्या दोन वर्षांनंतर जास्त कडक झाली. हा माणूस त्या कसरतीचं शेवटचं टोक होता. पाच मिनिटं आमच्याशी बोलून तो खाली गेला.

अडचण

वॅपनं चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. मोबाइल छातीशी धरून, न विचारता. रात्री लॉजवर आम्ही झोपल्यावर त्यानं त्यातले चाळीस सेकंद कापून नेटवर टाकले: पोकलेन, लाल माती आणि मागून वॉचमनचा फटाक्यांविषयीचा आवाज. खाली जागेचं नाव, आणि काजूच्या बागेतून वाट आहे हेही.

शनिवारी सकाळी बागेत पंचवीस-तीस माणसं. काहींच्या कडेवर पोरं. एक तर थेट माथ्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याच्या पायाखालचा ढेकूळ खाली गेला. त्याला काही झालं नाही, पण खाली शिट्टी झाली, पोकलेन थांबलं, माणसं मागं आली. सगळे वरून हलेपर्यंत काम वीस मिनिटं बंद. बागेचा मालक काठी घेऊन आला, ते योग्यच होतं.

आम्हाला हे स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं. "कालचे सांगलीवाले तुम्हीच ना?" म्हणून त्यानं फोन पुढं केला. मग हळूच म्हणाला की वरचे साहेब आलेत आणि त्यांनी वॉचमनला विचारलंय, ड्युटी सोडून तू लोकांना माहिती देत होतास का? लेखी मागितलंय.

त्या चाळीस सेकंदांत तेच दिसत होतं. जागा दाखवून माहिती सांगणारा गाइड. "हयसर उभे रवा नकात" हे वाक्य कापल्या गेलेल्या भागात होतं.

दुसरा निर्णय

वॅप पांढरा पडला. कुणी काही बोलायच्या आत त्यानं टाकलेला व्हिडिओ काढला आणि फोनमधला मूळ व्हिडिओही पुसला. "संपलं. आता काहीच नाही," म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते चूक सुधारणं होतं. पण वॉचमननं आम्हाला हाकललं होतं याचा एकुलता पुरावा त्यानं पुसला होता.

समोर तीन वाटा होत्या. गुपचूप निघून जायचं; पाणी चढत होतं, कारण तयार होतं. किंवा घरी पोचून फोन करायचा. किंवा आत्ताच जाऊन सांगायचं. मी पहिल्या वाटेकडं झुकलो होतो. आपण गेलो तर आग आणखी भडकेल, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आजही वाटतं की तो विचार अगदीच चुकीचा नव्हता.

काका मात्र पेटले. "एसटीत मी हेच बघितलंय. चेकर चढतो तेव्हा कंडक्टर एकटा उभा असतो. ज्यांच्यामुळं झालं ते मागच्या स्टॉपला उतरून गेलेले असतात." आणि ते चालायला लागले, स्टेशनकडं.

शंटर तोवर गप्प होता. त्यानं वॅपच्या हातातून फोन घेतला, म्हणाला, "गॅलरीत पुसलेलं महिनाभर वेगळ्या फोल्डरात राहतं," आणि दोन मिनिटांत चार मिनिटांचा व्हिडिओ परत आणला. दोन दिवसांत त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

ते साहेब स्टेशनबाहेर जीपजवळ भेटले. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, डोळे तांबारलेले. दोन रात्री झोप नसावी. आम्ही चहाच्या टपरीवर एक कागद लिहिला होता: वॉचमननं आम्हाला पहिल्या वाक्यात मागं जायला सांगितलं, शूटिंगबद्दल त्यांना कल्पना नव्हती, चूक आमची. खाली चौघांच्या सह्या. कागद त्यांनी हातात घेतला नाही. व्हिडिओ मात्र बघितला. पहिले पंधरा सेकंद, आणि परत पहिले पंधरा सेकंद.

"हे का नाही टाकलंत?" त्यांनी वॅपला विचारलं. वॅपकडं उत्तर नव्हतं. लोक पोकलेन बघतात, "इथं थांबू नका" म्हणणारा माणूस कोण बघतो?

"निघा आता. तेवढी मदत करा."

निष्पत्ती

वॉचमनकडून लेखी मागितलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं. महिन्याभरानं चहावाल्याला फोन केला तेव्हा कळलं की त्याला दुसऱ्या कटिंगवर पाठवलंय. आमच्यामुळं, की पावसाळ्यात अशा बदल्या होतच असतात म्हणून, ते चहावाल्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचा नंबर आम्ही मागितला नाही. काका म्हणाले, आता त्या माणसाचा पिच्छा सोडा.

लाइन त्याच दिवशी संध्याकाळी सुरू झाली. आधी एकटं इंजिन अगदी पायी चालल्यासारखं पलीकडं नेलं, मग गाड्या. हे आम्ही पाहिलं नाही. तोवर आम्ही फोंडा घाट चढून राधानगरीच्या वाटेला लागलो होतो, कारण गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येणार अशी बातमी होती. गाडीत कुणी बोललं नाही.

रात्री मिरजेत उतरलो तर काका घरी जायच्या ऐवजी स्टेशनात शिरले. प्लॅटफॉर्मवर वळवलेली एक गाडी उभी होती. डब्याच्या पाटीवरची दोन्ही नावं किनाऱ्यावरची. खिडकीतला एक म्हातारा विचारत होता, हे कुठलं गाव? काकांनी त्याला मिरज म्हणून सांगितलं, त्याला पाण्याची बाटली आणून दिली आणि वहीत वेळ टिपली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांना वाटतं की चूक व्हिडिओ टाकण्यात झाली. मला वाटतं ती त्याच्या आधी, टपरीपाशी झाली. "रेल्वेची हद्द नाही" हे खरं असलं तरी नुकत्याच सरकलेल्या कटिंगच्या माथ्यावर आमचं वजन कुणाला हवं होतं? आम्ही कलम बघितलं, माती बघितली नाही. काकांनी सांगितलं होतं, पण आमच्यात काकांच्या "नको"ला वजन किती हे कधी ठरलंच नव्हतं. आता ठरलंय. चौघांपैकी एकानं जरी "नको" म्हटलं तरी परतायचं, कारण विचारायचं नाही. यात काही चांगल्या फेऱ्या हुकल्या आहेत. हुकू देत.

काम करणाऱ्या माणसाशी बोलण्याचा मुद्दा मात्र अजून मिटलेला नाही. काकांचं मत, ड्युटीवरच्या माणसाला प्रश्नच विचारू नये, कारण चांगला माणूस उत्तर देतो आणि तिथंच अडकतो. आपण प्रश्न विचारला नसता तर तो पाच मिनिटं आधी खाली गेला असता, असं ते स्वतःलाच धरून बोलतात. वॅपचं म्हणणं उलट. ही माणसं कुणाला दिसत नाहीत म्हणून पावसाळ्यात गाडी उशिरा आली की लोक शिव्या घालतात. दाखवलंच पाहिजे, फक्त विचारून आणि पूर्ण. मला दोन्ही पटतं, आणि ॲडमिन म्हणून ही माझी मोठी अडचण आहे. तूर्त नियम इतकाच: ज्याचा आवाज किंवा चेहरा येतोय त्याचा होकार घेतल्याशिवाय कॅमेरा खिशात, कामाच्या जागेचं नाव काम संपेपर्यंत टाकायचं नाही, आणि पेच पडला तर काही पुसायचं नाही.

दिवाळीनंतर आम्ही त्या लाइनवरून गाडीनं गेलो. कटिंग आलं आणि गेलं, चारेक सेकंद. जाळीच्या पेट्या तीन थरांत रचलेल्या, त्यांच्या फटींतून गवत उगवलेलं. खाली कठड्याजवळ एक माणूस हिरवा बावटा धरून उभा होता. तोच होता की दुसरा, कळलं नाही. वॅपनं फोन काढला नाही.

तो चाळीस सेकंदांचा तुकडा आम्ही काढून टाकला तरी लोकांनी आधीच उतरवून घेतला होता. गेल्या पावसाळ्यात कराडच्या कुणा अनोळखी माणसानं रेल्वेवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर तो पाठवला, वर "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असा शिक्का. वॅपनं खाली लिहिलं, "याच्या आधीचे पंधरा सेकंद माझ्याकडं आहेत, हवे असतील तर देतो." त्याच्यानंतर तिथं गुड मॉर्निंगचे सात मेसेज आले.